सप्टेंबरपुरती जागा

रोजविथानं थडग्याच्या दगडावरच्या तारखेत शेवटी उरलेला साताच्या आकड्याचा तिरका पाय कोरून संपवला, टिंबाची जागा मुद्दाम कोरी सोडली आणि वडिलांना हाक मारली.

"बाबा, येताय का बघायला?"

ओटमार खोकत खोकत आला. जर्मनीतल्या माइन नदीकाठच्या त्या गावाच्या दफनभूमीत निम्म्याहून जास्त दगड त्याच्या हातचे. तारखेची त्याची रीत ठरलेली: आधी दिवसाचा आकडा, त्याला चिकटून टिंब, मग जरा मोकळी जागा, मग अक्षरांत महिना आणि शेवटी साल. महिनाही आकड्यात कोरणाऱ्यांना तो सरळ कारकून म्हणायचा!

बायकोचा, हेडविगचा दगडही आपणच कोरणार, असं तो तिला चाळीस वर्षं सांगत आला होता. फेब्रुवारीत ती गेली, तोवर त्याच्या उजव्या हातानं दगा दिला होता. कॉफीचा कपसुद्धा हिंदकळायचा. शेवटी काम रोजविथाकडे आलं. दगडकामाचा कारखाना तिच्या नावावर होऊन नऊ वर्षं झाली होती, पण खरी परीक्षा ही होती. आईचा दगड बाबांना पटला नाही, तर आपण जन्मभर त्यांची पोरगीच राहणार, कारागीर नाही, हे ती ओळखून होती.

ओटमार दगडावर वाकला.

"टिंब कुठाय?"

"तुमच्यासाठी ठेवलंय. चार घावांचं तर काम."

म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

"दया आली होय माझी? अर्धवट काम कुणाला दाखवतात का? उद्या गिऱ्हाइकालाही सांगशील, टिंब तुमचं तुम्हीच मारून घ्या!"

रोजविथानं छिन्नी टेकवली. चार घाव. साताच्या पायाशी चौकोनी खळगा उमटला. ओटमारनं त्यात अंगठा फिरवला, मग सगळ्या तारखेवरून, मग पुन्हा टिंबात.

"चालतंय," तो म्हणाला.

तिनं पटकन मान फिरवली. तीस वर्षांत हा शब्द तिला दोनदाच मिळाला होता, आणि त्यातला एक भाजलेल्या डुकराबद्दल होता.

ओटमारनं कानामागची पेन्सिल काढली आणि हेडविगच्या तारखेखाली दोन थरथरत्या रेघा ओढल्या.

"इथं माझं. जन्माच्या चांदणीच्या खुणेपुढची तारीख आत्ताच कोर, मला बघायचंय. मरणाच्या क्रुसापुढं मात्र जागा भरपूर सोड. दोन आकडी तारीख आणि त्यात सप्टेंबरसारखं लांबलचक नाव आलं, म्हणजे अक्षरं दाटीवाटीनं कोंबत बसशील."

"सप्टेंबर तर गेल्याच आठवड्यात संपला, बाबा."

"म्हणूनच सांगतोय. मला कुठं घाई आहे?"

आणि ती पेन्सिल त्यानं लेकीच्या कानामागं खोचून दिली.