आषाढाआधीचं दूध

सकाळी सकाळी एक परकी बाई माझ्या स्वयंपाकघरात घुसली आणि माझ्याच शेगडीवर तिनं दूध उतू घातलं! मागं घरमालक चन्नवीरप्पा हात जोडून उभा. "गिरिजव्वा, राग धरू नको. उद्या अमावास्या, परवा आषाढ लागतो. आषाढात नव्या घरात पाऊल कोण टाकतं? आज दूध उतू गेलं की झालं. सामान दहा तारखेला आणतील."

दहा तारखेला मला घर सोडायचं होतं. जाणार कुठं, हे त्यानं विचारलं नाही. त्या बाईनं विचारलं.

"अक्का, तुमचं ठरलं का कुठं?"

"तुला काय करायचंय?" मी फाडकन बोलले. "सांडलंस ना? मग पूस आधी!"

बिचारीनं पदरानं शेगडी पुसली.

दीड महिना हावेरी पालथी घातली होती मी. कुणाला नवरा असलेलीच भाडेकरीण हवी, तर माझा वारलाय. कुणाच्या अ‍ॅडव्हान्सचा आकडा ऐकूनच पायऱ्या उतरले. वेलदोड्याचे हार ओवून जे सुटतं, त्यात अडीच हजारांच्या वर भाडं झेपत नाही. तिकडं गावात मोठा दीर टपून बसलाय. घर मिळालं नाही तर माझ्या पोरीला, सौभाग्याला घेऊन गावी ये म्हणतो. गावी म्हणजे सौभाग्याची दहावी बंद आणि दिवाळीच्या आत लग्न. आणि आजचा दिवस गेला की महिनाभर कुणी किल्ली हातात देणार नाही.

हार तसेच टाकले. अर्धा लिटर दुधाची पिशवी आणि हळदकुंकवाची पुडी घेतली आणि निघाले. घर सापडलं की तिथंच ओतायचं, पुन्हा दूध आणायला धावायला नको!

बसस्टँडमागं एक घर पाहिलं, त्याला मोरीच नव्हती. तलावाजवळचं तासाभरापूर्वी गेलं होतं. तिसऱ्या ठिकाणी म्हातारा जात विचारून आत गेला तो बाहेरच आला नाही. ऊन मी म्हणत होतं. दर चौकात मी दुधाची पिशवी गालाला लावून बघायची. फाटलं तर? फाटलेल्या दुधानं कुणाचा संसार लागलाय?

चार वाजता बैलबाजारामागं नीलम्मा घरमालकीण भेटली. दोन खोल्या, घरात नळ, भाडं बावीसशे.

"नवरा नाही? बरंय, दारूची कटकट नाही," ती म्हणाली. "दूध आणलंयस? चल, दिवेलागणीच्या आत ओत."

तिनं न विचारता त्या खोल्यांचं दार ढकललं. आत साठीची एक बाई भाकरी भाजत होती.

"काशव्वा, राग धरू नको हं," नीलम्मा म्हणाली. "परवा आषाढ लागतो..."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पळून जावंसं वाटत होतं. पण डोळ्यांसमोर सौभाग्याचं दप्तर आलं, आणि मी पिशवी फोडली.

काशव्वानं अर्धी भाजलेली भाकरी तव्यासकट खाली उतरवली. आम्ही तिघी पातेल्याकडं बघत उभ्या. दूध तापायला इतका वेळ जन्मात लागला नव्हता.

"पूर्वेला सांडलं! भाग्याची गं तू!" म्हणत नीलम्मा किल्ली आणायला गेली.

मी खाली बसून पदरानं शेगडी पुसायला लागले. घाईघाईनं, वर न बघता. आणि तोंडातून निघूनच गेलं, "अव्वा, तुमचं ठरलं का कुठं?"

सकाळचं माझंच उत्तर आता माझ्या तोंडावर येणार, म्हणून मी मान आणखीच खाली घातली. काशव्वा नुसती खिडकीकडं बघत राहिली.

खिडकीत अर्धा लिटर दुधाची न फोडलेली पिशवी होती. शेजारी हळदकुंकवाची पुडी.

"सकाळपासून घेऊन फिरले," ती म्हणाली. "फाटलं असेल आता."

आणि तिनं तवा परत शेगडीवर ठेवला.