कांचनबाईंना खांदा

ज्याची श्रद्धा आपली नव्हे, त्याचा शोकही परका मानावा काय, हा प्रश्न धर्माचा आहे. आणि त्याचे उत्तर माणसाला सभेत नव्हे, शेजाऱ्याच्या अंगणात द्यावे लागते.

चंदीगडच्या बाविसाव्या सेक्टरातील सरकारी क्वार्टरांत १९७४ च्या पौषात असा प्रसंग आला. केंद्र सरकारच्या कचेरीतील आरेखक गुरुनाथ मेश्राम यांच्या मातोश्री कांचनबाई पहाटे निवर्तल्या. नागपुरास दीक्षा घेतल्यापासून त्यांच्या घरी बुद्धाखेरीज दुसरी प्रतिमा नव्हती. बदलीच्या गावी मराठी माणसाला मराठी खांदा मिळावा, हा तेथील मराठी मंडळाचा रिवाज; तिरडीचे बांबू, दोर, मडके, सारे मंडळाच्या खोलीत तयार असे. चिटणीस श्यामसुंदरराव आले, चारदोन गृहस्थही आले. मात्र रिकाम्या हातांनी.

"सामान आणवतो, गुरुनाथ. पण विधी आपले भटजी करतील आणि वाटेत रामनाम होईल. मंडळाची रीत आहे."

"आईनं जन्मभर त्रिशरण म्हटलं. तेच म्हणत तिला नेईन."

"मंडळाच्या गणपतीत आरतीला कधी उभे राहिला नाहीत. आता खांदे तेवढे आमचे हवेत?"

"मांडवाचा आराखडा मात्र दरवर्षी माझ्याकडूनच काढून नेलात."

मागून कोणी म्हणाले, "अहो, एकदा राम म्हटल्यानं काय झिजणार आहे?"

"एकदा न म्हटल्यानं तुमचं काय झिजेल?" गुरुनाथ म्हणाले.

बांबू काही आले नाहीत. तेव्हा शेजारचे सरदार हरबंससिंग आपली बाज डोक्यावर घेऊन कुंपणापलीकडून आले. "लो जी, मंजी ले लो. इसका कोई मज़हब नहीं. बस, एक पाया थोड़ा हिलता है."

शुभ्र वस्त्रातील देह बाजेवर ठेवला गेला. पुढे गुरुनाथ आणि हरबंससिंग, मागे एका कोपऱ्याशी गुरुनाथांची पत्नी उल्का. चौथा कोपरा रिकामाच होता. तोच बायकांच्या घोळक्यातून श्यामसुंदररावांची पत्नी पद्मिनी पुढे झाली आणि तिने पदर खोचला.

"पद्मिनी, बायका खांदा देत नाहीत. घरी चल."

"माझी दोन्ही बाळंतपणं ह्या माउलीनं केली. मला न्हाऊ घातलं, तुमच्या लेकरांना पायांवर घेऊन तेल चोळलं. तेव्हा विचारलंत का, घरी देव कोणते म्हणून?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुम्ही सोडलेली जागा आहे ही, मी भरते." मग ती गुरुनाथांकडे वळली. "भावजी, तुमचं म्हणणं मला येत नाही. तुम्ही पुढं म्हणा, मी मागून म्हणेन."

बाज उचलली गेली आणि त्रिशरण सुरू झाले. फाटकात श्यामसुंदरराव आडवे उभे राहिले. पद्मिनीने पाऊल थांबवले नाही, की आवाजही उतरवला नाही. त्यांनाच बाजूला व्हावे लागले. धुक्यातून त्रिशरणाचे स्वर स्मशानाच्या रस्त्याला लागले, तेव्हा आलेल्या गृहस्थांपैकी दोघांनी माना खाली घालून मागून चालायला सुरुवात केली. श्यामसुंदरराव तेथेच राहिले.

त्या माउलीला तिच्याच श्रद्धेतली शांती लाभो. तिला वाहून नेणारे खांदे कधी न थकोत. आणि जे मागे राहिले, त्यांचेही कल्याण होवो.