कोरड्या खोलीची शिडी

त्या रविवारी दुपारी पावसाने उघडीप दिली आणि कृष्णात गुरुजींनी मला व्हरांड्यातून बाहेर काढले. त्यांची मुलगी पूर्णिमा मला खालून धरून उभी राहिली. गुरुजी सावकाश वर चढले. हा आमच्या तिघांचा शेवटचा रविवार असेल, असे कुणालाच वाटले नव्हते.

मित्रांनो, मी राधानगरीकडच्या एका लहान गावातल्या शाळेची जुनी शिडी आहे. किंजळाच्या लाकडाची, अकरा पायऱ्यांची. तीस वर्षांपूर्वी गुरुजी इथे नोकरीला आले. गावच्या सुताराचा मुलगा त्यांच्याकडे वाचायला शिकला, म्हणून सुताराने मला घडवून शाळेला दिले. माझी चौथी पायरी दोनदा बदलली आहे आणि उजवा दांडा पायापाशी चिरला आहे.

माझे काम तसे एकच. वानरे कौले सरकवतात, फोडतात, आणि आमच्याकडचा पाऊस फट शोधतच असतो. गुरुजी वर जाऊन फुटके कौल काढत, नवे बसवत. एके काळी गावाला माझे फार कौतुक होते. देवळाचा कळस रंगवायला मला मागून नेत. मग घरोघरी लोखंडी शिड्या आल्या आणि मला कुणी विचारीना. गुरुजींनी मात्र मला सोडले नाही. ते निवृत्त झाले, तरी दर पावसाळ्यात शाळेवर येऊन चढत राहिले.

तिसरीच्या वर्गखोलीचे वासे आतून किडले आहेत. नवी खोली मिळावी म्हणून शाळेचा अर्ज दर वर्षी तालुक्याला जातो. साहेब येतात, मान वर करून बघतात, काहीतरी लिहितात आणि निधी दुसऱ्या गावाला जातो. दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या गावातल्या शाळेचे छप्पर कोसळले. त्यांना स्लॅबच्या दोन खोल्या मिळाल्या. आमच्या मुख्याध्यापिका राजमती बाई म्हणतात, "त्यांचं छप्पर पडलं आणि नशीब उघडलं."

त्या रविवारी पूर्णिमा खालून म्हणाली, "आबा, मंगळवारी साहेब येणार हायत." ती तालुक्याच्या त्याच कचेरीत कारकून आहे. निधीच्या याद्या टाइप करण्याचे काम तिच्याकडेच असते.

"म्हणून तर चढलोय. पावण्याच्या डोक्यावर पाणी गळलं तर आपली काय शोभा?"

"पावणं न्हवं ते. तपासायला येत्यात."

"तेच की. शाळा नेटकी दिसली तर द्यावंसं वाटंल. खरकट्या ताटात कोण वाढतंय?"

ती पुढे काही बोलणार होती. तिची पकड माझ्या दांड्यावर एकदम घट्ट झाली.

"हलीवतीस का गं? म्हातारा पडायला पायजे व्हय?"

"पडा की. मी हाय खाली."

गुरुजी वरूनच हसले. बापलेक एवढे बोलत ते मी दोघांच्या मध्ये असतानाच. खाली उतरले की गुरुजी हात धूत, ती "येते" म्हणे आणि एसटी गाठायला निघे. त्या दिवशीही तसेच झाले.

सोमवारी सकाळी चहा पिता पिताच गुरुजी गेले. हृदय थांबले, एवढेच डॉक्टर म्हणाले. ते माझ्यावरून पडले असते, तर दोष द्यायला निदान मी तरी असते.

मंगळवारी साहेब आले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि खोलीत एक थेंब नव्हता.

"बाई, गळतंय कुठं?"

"गुरुजींनी परवाच कौलं बसवली, साहेब. काल वारले ते."

साहेबांनी हातातला कागद खाली घेतला. "वाईट झालं. पण कोरड्या खोलीला गळकी कशी लिहू? मलाबी वर उत्तर द्यावं लागतंय."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागदावर 'वापरण्यायोग्य' असे लिहिले आणि छत्री उघडली.

त्यानंतर माझ्यावर कुणी चढलेले नाही. पंधरा दिवसांत वानरांनी चार कौले फोडली. आता खोलीत दोन बादल्या मांडलेल्या असतात आणि तिसरीची मुले व्हरांड्यात दाटीवाटीने बसतात. मी त्यांच्या दप्तरांमागे ओल्या जमिनीवर आडवी पडून आहे. चिरलेल्या दांड्याला वाळवी लागली आहे. मी थकले आहे, मित्रांनो.

मला उचलून कोरड्यात ठेवा, एवढे तर मी मागतेच. पण आणखी एक मागणे आहे. एखादा माणूस मोडकळीला आलेली वस्तू एकटाच सावरून धरत असेल, तर त्याला नुसती शाबासकी देऊन घरी जाऊ नका. तो नसला तर काय कोसळेल, हे ज्याला सांगायला हवे त्याला सांगा. मी लाकूड आहे. ज्यांना बोलता येते, त्यांनी वेळेवर बोलावे.

हे माझे मागणे चालू होते तोवर, गुरुजी गेल्यावर महिन्याभराने, पूर्णिमा आली. तिने दप्तरे बाजूला केली आणि मला उचलून वळचणीला टेकवले.

राजमती बाई दारातून म्हणाल्या, "चढू नको गं. शेवाळ धरलंय सगळं. आणि यंदाच्या यादीतबी आपली शाळा न्हाय म्हणं?"

"न्हाय, बाई."

"तू असून?"

बाई बादली ओतायला आत गेल्या. पूर्णिमाने नेहमीसारखे दोन्ही हातांनी मला धरले आणि मान वर केली. वर कुणी नव्हते. तरी ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"आबा, तुम्ही दर साली गळती बुजवली, म्हणूनच खोली मिळाली न्हाय. यादी मीच टाइप करते. चार वर्षं मला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तुम्ही चढायचं सोडलं असतं. मग आपण बोललो कुठं असतो?"