अकरा वाजून वीस मिनिटं

हवालदार रोशनी भोयेने पेनाचं टोपण काढलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. समोर फरशीवर गोमा उकिडवा बसला होता. खोडाळ्याच्या वाटेवरच्या दगडखाणीतून जिलेटिनच्या स्फोटक कांड्यांच्या दोन पेट्या नाहीशा झाल्या होत्या, आणि शहरातून आलेल्या पथकाने सूर्यमाळच्या या मजुराला खाणीतूनच उचलून ठाण्यात आणलं होतं.

“आज काही लिहू नका,” पथकाचे अधिकारी म्हणाले. “दोन दिवस विचारपूस करू. अटक बुधवारी दाखवू.”

“माणूस दारातून आत आला की डायरीत नोंद होते, साहेब.”

“प्रकरण घातपाताचं आहे, बाई. कळतंय ना?”

“कळतंय. म्हणून तर नीट लिहायला हवं.”

तिने वार लिहिला, सोमवार. मग वेळ, मग गोमाचं नाव. पाड्यावर त्याच्या बायकोला, सकूला, निरोप धाडला आणि मोफत विधी सेवेच्या वकील वर्षालीला फोन केला. मग पेनाचं टोपण बसवलं.

दुपारभर आतल्या खोलीतून एकच ओरडा ऐकू येत होता. ‘तूच नेल्यास. कोणाला दिल्यास?’ रोशनी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली आणि येताना दार उघडंच ठेवून आली.

नोंद झाली होती, त्यामुळे चोवीस तास भरायच्या आत, मंगळवारी सकाळी, गोमाला कोर्टात उभं करावं लागलं. न्यायाधीशांनी पुरावा मागितला. गोमा त्या खाणीत कामाला होता, यापलीकडे पथकाकडे काही नव्हतं. कोठडी नाकारून त्यांनी त्याला सोडलं. वर्षालीला फार बोलावंही लागलं नाही.

“उद्या कुठे स्फोट झाला, तर तो तुमच्या नावावर,” कोर्टाच्या पायरीवर अधिकारी रोशनीला म्हणाले.

ते वाक्य रोशनीच्या कानातून जाईना. आठवडाभर जेवण गोड लागेना. कुठे बातम्या लागल्या की हातातलं काम थांबायचं. आपलं चुकलं का, असं मात्र तिने कुणाला विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी गोमा आणि सकू ठाण्यात आले. रोशनीने खुर्च्या पुढे ओढल्या. गोमा उभाच राहिला. सकूने त्याला कोपराला धरून बसवलं.

“बाय, पेट्या मी पाह्यल्यात,” तो म्हणाला. “खाणीच्या मुकादमानं करवंदीच्या जाळीत ठेवल्या. दोघं जन येऊन बघून गेलं. परके व्हते.”

“अजून थंच हायत,” सकू म्हणाली. “काल सरपनाला गेलते, तवा दिसल्या.”

रोशनीने डायरी उघडली. “त्या दिवशी का नाही सांगितलंत, गोमादादा?”

“इचारलं कुठं? ते म्हनत, तूच नेल्यास. जागा सांगितली असती, तर म्हनले असते, मंग तूच ठेवल्यास.” त्याने सकूकडे बोट केलं. “ही म्हनली, त्या बायला सांगू.”

रोशनीने पथकाला फोन लावला. दुपारी पथक आलं. अधिकाऱ्यांना पाहताच गोमाने मान खाली घातली. ते खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

“काय पाहिलंत, सांगा.”

दिवस मावळायच्या आत दोन्ही पेट्या मिळाल्या, सील न फुटलेल्या. मुकादम सापडला, त्याच्या फोनवरून ते दोघे परकेही. त्यांनाही वकील मिळाला.

निघताना अधिकाऱ्यांनी जीपचं दार उघडलं.

“बसा, पाड्यापर्यंत सोडतो.”

गोमाने सकूकडे पाहिलं.

“नको साहेब,” सकू म्हणाली. “आमी चालत जातो.”

अधिकारी दार लावून बाजूला झाले. दोघं चढाला लागली. सकू काहीतरी सांगत होती. वळणापाशी गोमा मोठ्याने हसला, आणि ते हसू ठाण्याच्या दारात उभ्या रोशनीपर्यंत नीट ऐकू आलं.