अकोल्यात हिटर कोणाले पायजे

दोन टोपरी. एकावर एक.

दहा अंश.

‘सकाळी अकरा वाजेपर्यंत मूळ कागदपत्रांसह रुजू व्हावे, अन्यथा’

सिकलसेलचं कार्ड, कडा मऊ झालेल्या.

हिटरचं बटण लालवर. पूर्ण लालवर. गार.

अमरावतीच्या राजापेठेत किशोर मिस्त्रीनं सात वाजता शटर उचललं तेव्हा अनुपची गाडी दारात चालूच होती. मागच्या सीटवर त्याची बायको संध्या, दोन टोपरी आणि ब्लँकेटमध्ये. चिखलदऱ्याच्या एका कार्यालयात तिला नोकरी लागली होती. डिसेंबरात ती दवाखान्यात होती म्हणून एकदा मुदत वाढवून मिळाली. ती आज संपत होती. डॉक्टरांचं एकच सांगणं होतं: थंडी लागू द्यायची नाही. थंडीनं हिचं रक्त वाटेतच अडतं, मग हाडं दुखतात. बसच्या खिडक्या लागत नाहीत. भाड्याची गाडी दहाच्या आधी कोणी देईना.

किशोरनं बोनेट उघडलं. पाणी भरलेलं. पंखा फिरतो. आतली झडप लालकडे सरकवली की टक् वाजते, म्हणजे तीही ठीक.

“गरमीचा काटा पाहा, अनुपभाऊ. दहा मिनिटं झाले, वर चढूनच नाही राहिला. थंडीत गाडी तुमच्यासारखीच हाय, उठतच नाही.”

“हे सातलेच उठले आज,” आतून संध्या म्हणाली. “लिहून ठेवा, किशोरभाऊ.”

किशोरनं हिटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या धरल्या. गरम इंजिनाच्या नळ्या हातात धरवत नाहीत. त्यानं धरून ठेवल्या.

मग वाकून हातातल्या बॅटरीचा उजेड खाली पाडला.

“नळी इंजिनातून निघते अन् वळून इंजिनातच जाते. हिटरात पानी जातच नाही. वरून इंजिन तापेपर्यंत पानी अडवते तो थर्मोस्टॅट वॉलही काढला. कोनं केलं हे?”

“मागच्या मालकानं केलं असन,” अनुप म्हणाला.

“क्लिपा तं नव्या हाय.”



मे महिना. तेव्हा ते अकोल्यात राहत, संध्याला अमरावतीच्या दवाखान्यात नेत होते. बोरगावच्या पुढे रस्त्याच्या कडेला गाडी, बोनेटखालून वाफ, आत कण्हणारी संध्या, चाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या मिस्त्रीला अनुप म्हणाला होता, पुन्हा तापली नाही पायजे, जे काढाचं ते काढ. मिस्त्री म्हणाला, हिवाळ्यात हिटर नाही चालणार मंग. अनुप हसला होता. अकोल्यात हिटर कोणाले पायजे? मिस्त्रीही हसला होता.

किशोरनं नळ्या पुन्हा हिटरला जोडून दिल्या. वॉल नव्हता. दुकानं अकराला उघडणार, आणि या गाडीचा वॉल तिथंही मिळेलच असं नाही.

“वॉल नसला का इंजिन गारच राहते. घाट लागला का तापन, मंग येईन गरम हवा. तवरीक वहिनीले सांभाळा.”

चहावाल्यानं दोन बाटल्यांत गरम पाणी भरून दिलं. साडेसातला निघाले.

घाटापर्यंत. एवढंच करायचं होतं.

वलगाव मागे पडलं. दोन्हीकडे ओलितं, धुकं काळ्या रानातून उठून रस्त्यावर बसलेलं. हवा कोमट आली, दोन मिनिटं. गाडीनं वेग घेतला तशी पुन्हा गार. अनुपनं पंखा बंद केला. काच आतून पांढरी झाली, समोरचा ट्रॅक्टर दिसेना. पंखा सुरू केला. काच साफ झाली आणि गार हवा थेट मागे गेली. बंद. सुरू. संध्या पुढे वाकून रुमालानं काच पुसू लागली.

“मे मंदी काढला ना तुमी?”

“हो.”

“मले घेऊन जाताना गाडी बंद पडली म्हणून.”

“हो.”

“मंग खोटं काहून बोलले? किशोरभाऊसमोर.”

त्यानं पंखा पुन्हा बंद केला. बाटल्या गार झाल्या होत्या.

थोड्या वेळानं काच पुसणारा हात थांबला. अनुपनं आरशात पाहिलं. ती बोटं उघडायचा प्रयत्न करत होती, एकेक. रुमाल खाली पडला होता.

“दुखून राहिलं?”

“नाही.”

आणखी दोन किलोमीटर.

“संध्या.”

“गुडघे,” ती म्हणाली. मग, “गाडी फिरवू नका. घाट लागन ना आता.”

घाट अजून तासाभरावर होता. तिची फाईल, तिच्या गटाचं रक्त, सगळं अमरावतीच्या दवाखान्यात. अनुपनं उसाच्या ट्रॉलीला जाऊ दिलं, गाडी वळवली. तिनं कागदांची पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटले. परतीच्या वाटेवर काच पुसायला कोणी नव्हतं, पंखा सुरूच ठेवावा लागला.

काढलेला वॉल अकोल्याच्या मिस्त्रीनं मे महिन्यातच वर्तमानपत्रात गुंडाळून, कोणाला न सांगता, डिकीत जॅकखाली ठेवला होता.