टाकीजवळची सावली

भिलाईतल्या त्या खासगी कारखान्यात कंप्रेसरच्या मागे दाबाच्या हवेची एक टाकी उभी होती. धम्मपाल नोकरीला लागला तेव्हाच ती म्हातारी झालेली. तिच्या बुडाशी पाणी साचायचं, आणि ते काढायला धम्मपाल पाळीत दोन-तीनदा खालचा व्हॉल्व्ह उघडायचा. अलीकडे पाण्याबरोबर गंजाचे पापुद्रे पडायला लागले होते. बूड आतून खाल्लं जातंय हे त्याला दिसत होतं. यंदाच्या शटडाउनमध्ये, म्हणजे कारखाना दुरुस्तीला बंद असेल तेव्हा, टाकी उघडून तपासा, एवढंच त्याचं मागणं. कुणी मनावर घेईल तर शपथ!

पूर्वी सगळ्या टाक्या पाळीपाळीनं उघडत. यंदा कंपनीनं नवी पद्धत आणली. टाकी फुटण्याची शक्यता किती, आणि फुटलीच तर किती माणसं सापडतील, या दोन्हींचा गुणाकार करायचा. ज्यांचा आकडा मोठा त्याच टाक्या उघडायच्या. हे गणित मांडायला बाहेरून आला कोण, तर रोशन, धम्मपालचा सख्खा साळा. इंजिनिअरिंग शिकताना तो चरोद्याला बहिणीच्या, म्हणजे धम्मपालच्याच घरी राहिला होता. धम्मपालला वाटलं, चला, आपलं माणूस आलं, काळजी मिटली.

रोशननं त्याला टाकीपाशीच बाजूला घेतलं. "भाऊजी, इथं कोन कोन राहते? सच सांगा, लपवू नका."

"रुक्मा अन तिच्या संगच्या सात-आठ बाया. ठेकेदाराच्या हायेत, म्हनून कोनी मोजत नाही. दुपारी सावलीले बसून डबा खातेत."

"बस, हेच पाहिजे होतं मले," रोशन म्हणाला.

त्या दिवशी धम्मपाल शीळ घालत घरी आला. बाया मोजल्या गेल्या की आकडा वाढणार, आकडा वाढला की टाकी उघडणार. सरळ माणसाला सगळंच सरळ दिसतं, त्याला कोण काय करणार!

पुढच्या आठवड्यात टाकीभोवती जाळी लागली आणि जाळीवर बसायला मनाई असल्याची पाटी. बायांना कोळशाच्या ढिगाकडे उन्हात हाकललं. रुक्मानं धम्मपालला रस्त्यात गाठलं. "भाऊ, तुमीच सांगतलं म्हनते सुपरवायझर. आमी का बिघडवलं होतं तुमचं?" बाया टाकीपासून लांब गेल्या हे एका अर्थी बरंच झालं होतं, पण ते तिला सांगणार कोणत्या तोंडानं!

मग साहेबांची मीटिंग झाली. ऑपरेटर म्हणून धम्मपालही मागच्या खुर्चीवर होता. रोशननं पडद्यावर टाकी अगदी खालच्या रांगेत दाखवली. "अब वहाँ कोई नहीं बैठता, सर. एकच माणूस जातो, तोही थोडा वेळ. इस बार खोलने की जरूरत नहीं." साहेबांनी मान डोलावली.

भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा. पण म्हशीला निदान आपल्या पोटात काय आहे ते ठाऊक नसतं. रोशनला सगळं ठाऊक होतं.

संध्याकाळी तो हक्कानं जेवायला आला. सुजातानं भावासाठी पाटोडीचा रस्सा केला होता. ती आत पोळ्या लाटत होती तेव्हा धम्मपालनं विचारलं, "तो एक मानूस कोन, ठाऊक होतं तुले?"

"होतं, भाऊजी."

"मंग कावून केलं असं?"

"शटडाउन छोटा हाये. साहेबाले कमी टाक्या पाहिजे होत्या, अन माहं पयलंच काम हाये हे. और एक आदमी से नंबर नहीं बढ़ता."

धम्मपालनं हातातला घास परत ताटात ठेवला. ज्याला लेकरासारखं सांभाळलं त्यानं केसानं गळा कापला होता, आणि कापताना भाऊजी म्हणत होता. राग तर होताच, पण त्याहून जास्त त्याला एकटं वाटलं.

सुजाता गरम पोळी घेऊन बाहेर आली. भावाच्या ताटात वाढता वाढता म्हणाली, "कोन्त्या एका मानसाचं बोलून राहिले तुमी?"

रोशननं पोळीचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवला. मग धम्मपालच म्हणाला, "माहं. टाकी फुटली तं एकच जाईन. तेवढा चालते म्हनते तुहा भाऊ."