बर्फाच्या होडीतली जागा

तिसऱ्यांदा होडी नदीच्या मधोमध बंद पडली, तेव्हा दिराने वल्ही काढता काढता वहिनीकडे नुसतं एकदा पाहिलं. पुढे गोणपाटाखाली बर्फाच्या लाद्या होत्या आणि त्यांचं पाणी होत होतं.

घरी आल्यावर मात्र त्याचं तोंड उघडलं. तो रोज पलीकडच्या बाजारात बर्फ पोचवतो, इंजीन कधी कुरकुरत नाही. वहिनी बसली की निम्म्या वाटेत खोकतं, धापा टाकतं आणि मरतं. मेकॅनिकने प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू तपासला, पाण्याच्या पिंपात लावून तासभर पळवलं. इंजिनात काही नाही, असं सांगून त्याने ते परत दिलं.

“मग राहिलं काय, आई?” दीर म्हणाला.

राहिलं ते सासूबाईंनी सांगून टाकलं. काही माणसांचा पाय पांढरा असतो, त्यात त्या माणसाचा दोष नसतो, पण बर्फ कुणासाठी थांबत नाही. सोमवारपासून सूनबाईने पुलावरून बसने जावं.

पूल लांब होता आणि बस बदलावी लागे. पहिली बस पकडली तरी पलीकडच्या तिच्या कारखान्याचा भोंगा वाजून गेलेला असणार. गणवेश शिवण्याच्या त्या कारखान्यात मुकादमाने तिला शुक्रवारीच बजावलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर मशीन दुसऱ्या बाईला. नवरा ट्रक घेऊन लांब गेला होता. फोनवर तो म्हणाला, आई म्हणते तसं कर, उगाच वाद नको.

तिने वाद घातला नाही. शनिवारी ती मेकॅनिककडे गेली.

टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत मुठीएवढा रबरी फुगा असतो. तो दाबून पेट्रोल पुढे ढकलतात. होडी बंद पडली तेव्हा तो फुगा चपटा झालेला तिने पाहिला होता. तो तसा व्हावा का, असं तिने विचारलं. मेकॅनिकने हात पुसले. होऊ नये, म्हणाला. इंजीन ओढतंय आणि टाकीकडून येत नाही, असा त्याचा अर्थ. पण त्याच्याकडे इंजीन पळवताना फुगा टच्च होता.

“जावयाची जात आहे, ताई. चारचौघांत गुणी, घरात रुसलेलं.”

मशीनवर दोरा तुटला की ती आधी सुईला हात लावत नसे. रिळापासून सुईपर्यंत बोट फिरवत यायची. परतताना तिने पेट्रोलची वाट तशीच मनात फिरवून पाहिली. ती बसली की त्या वाटेत बदलायची एकच गोष्ट: मधल्या फळीवर बसताना पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून दीर टाकी मागच्या फळीखाली सारायचा.

रविवारी बर्फ नव्हता. तिने दिराला दोन फेऱ्या मारायला सांगितल्या. पहिल्या फेरीत टाकी जागेवर, दुसरीत तिच्यासाठी सारतो तशी सारून.

“आणि तुम्ही?”

“मी काठावर. होडीला हातसुद्धा लावणार नाही.”

यात त्याचं काही जात नव्हतं. सासूबाईही घाटाच्या पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या.

पहिल्या फेरीला इंजीन सरळ पलीकडे जाऊन आलं. दुसऱ्यांदा त्याने टाकी मागे सारली आणि निघाला. मध्यावर पोचल्यावर वेगाची मूठ पूर्ण पिळली. इंजीन खोकलं, दोनदा धाप टाकली आणि थांबलं. होडी हळूहळू प्रवाहाला आडवी झाली.

सासूबाईंनी होडीकडे पाहिलं, मग शेजारी, खाली.

“हिचे पाय तर इथेच आहेत,” त्या हळूच म्हणाल्या.

सून तोंडाभोवती हात धरून दिराला टाकीमागची नळी बघायला सांगत होती. तो वाकला. जुनं रबर कोपरासारखं दुमडून फळीला चेपलं होतं. हळू चालताना त्यातून पुरेसं पेट्रोल जाई. वेग वाढवला की कमी पडे. त्याने टाकी ओढली, फुगा दाबला, दोरीला एक हिसका दिला. इंजीन लागलं.

काठाला लागल्यावर त्याने माफी मागितली नाही. वहिनीच्या पायांना जागा व्हावी म्हणूनच सारत होतो, एवढं म्हणाला. ती म्हणाली, “माहीत आहे, भाऊजी.”

दोघांनी नळीचा लिबलिबीत झालेला तुकडा कापला आणि उरलेली नळी क्लॅम्पने आवळली. आता ती आखूड झाली. टाकी बोटभरही हलेना. नवी नळी मेकॅनिक बुधवारी आणणार होता.

“इंजीन सुटलं आणि तुम्ही अडकलात,” दीर म्हणाला. “मधल्या फळीवर आता पाय कुठे ठेवणार? बुधवारपर्यंत काढा कशीतरी.”

“बुधवारी माझ्या मशीनवर दुसरी बाई असेल.”

सोमवारी उजाडता ती घाटावर आली. मागून सासूबाई आल्या, हातात दोन घड्या घातलेलं जाड कांबळं. “विसरू नकोस, परत आण,” एवढंच म्हणाल्या.

तिने कांबळं गोणपाटावर टाकलं आणि लाद्यांवर मांडी घालून बसली. दिराने दोरी ओढली. मध्यावर त्याने फुग्याला बोट लावून पाहिलं. टच्च होता. तेवढ्यात वहिनीचे खांदे थंडीने थरथरताना त्याला दिसले आणि त्याची मूठ सैल झाली.

“गारठलात का?”

“हो,” ती मागे न बघता म्हणाली. “वेग कमी करू नका.”